चित्रातल्या बाईची ओटी

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलेली आहे, आणि थोडी माझ्याही घरात. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, माझा राग नाही. फक्त खाली "स्टोरी भारी आहे ताई" असं लिहू नका. स्टोरी नाही ही.

भूत म्हटलं की लोकांना अमावास्या लागते, रात्रीचे बारा लागतात. इथे तसलं काही नाही. मागच्या वर्षीचा मार्च महिना. मंगळवार. दुपारचे तीन. बाहेर डोळ्यावर येईल असं ऊन.

जागा चऱ्होली, आळंदीजवळची. कालपरवापर्यंत जिथे कांदा लागायचा तिथे आता बारा-बारा मजले उभे राहिलेत, त्यातली एक इमारत. चौथा मजला. मजल्यावर चार फ्लॅट आणि त्यातले तीन कुलूपबंद.

चौथ्यात वर्षाली राहायची. माझी मावसबहीण. आमचं मूळ गाव लातूरकडचं, औशाजवळ. मी लग्न होऊन दिघीला आले त्याला वीस वर्षं झाली. वर्षाली आणि तिचा नवरा नवनाथ मागून आले, चाकणच्या कंपन्यांच्या ओढीने. ती वायरिंगच्या लाइनवर. तो रंगकामाच्या कंपनीत तपासणीला. गाडीचा रंगवलेला पत्रा ट्यूबलाइटखाली तिरका धरायचा आणि डाग शोधायचा. दहा वर्षं हेच काम. पोरगी बघायला आला तेव्हा वर्षालीलाही त्याने तिरकं धरूनच पाहिलं असणार, असं मी त्याला चिडवते.

वर्षालीचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं.

त्यावर ती कधी बोलली नाही. पण दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी विश्रांती सांगताच तिने त्याच दिवशी कंपनीत रजा टाकली. जिना चढायची नाही. बादली उचलायची नाही. हे बाळ हातातून जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

त्याच सुमाराला ते चित्र घरात आलं.

नवनाथच्या कंपनीचं कुरुळीत एक गेस्ट हाऊस होतं. ते बंद झालं आणि आतलं सामान कामगारांत चिठ्ठ्या टाकून वाटलं. कुणाला फ्रिज लागला, कुणाला सोफा. आमच्या जावईबापूंना लागलं चित्र. नशीबच थोर.

हातभर रुंद, लाकडी चौकट. चित्रात एक बाई जमिनीवर बसलेली. जवळजवळ पाठमोरी. हिरवं लुगडं, अंबाडा सैल सुटलेला, मान खाली. एक गुडघा उभा, त्याच्याआड मांडी अर्धी झाकलेली. उजवा हात मांडीपासून वीतभर वर, बोटं जुळलेली. समोरच्या भिंतीवर उन्हाची तिरीप. बाकी काही नाही.

आपल्याकडे कुणी बघतंय हे तिला ठाऊक नाही, असं ते चित्र होतं. मला तर बघताना चोरटं वाटलं होतं. कुणाच्या न्हाणीत डोकावल्यासारखं.

"काय करायली असंल ही?" वर्षालीने विचारलं होतं.

"काम चुकवून मोबाईल बघायली," नवनाथ म्हणाला.

मी म्हटलं, "रडतेय."

खालच्या मजल्यावर छबूबाई राहतात. या जमिनीच्या जुन्या मालकीणबाई. जमीन बिल्डरला दिली, त्यात दोन फ्लॅट आले. एकात त्या, दुसऱ्यात वर्षाली भाडेकरू. त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि निकाल दिला, "तांदूळ निवडतीया. दिसतंय की सरळ."

वर्षाली आपली हसली.

"नाही ओ मावशी. बाळ पाजायली ती."

तिला तेच दिसणार होतं. आम्ही कुणी वाद घातला नाही. तिने ते हॉलमध्ये लावून घेतलं, झोपायच्या खोलीतून दिसेल असं.

तर तो मंगळवार. नवनाथ पहिल्या शिफ्टला. वर्षाली आत पलंगावर पडलेली. पाचवा महिना नुकताच लागला होता आणि दोन दिवसांपासून पोटात बाळाची हालचाल कळायला लागली होती. ती हात पोटावर ठेवून तेच अनुभवत पडली होती.

आणि हॉलमधून आवाज आला...

थप... थप... थप...

हळू. एका लयीत. लहान मुलाला झोपवताना थोपटतात ना, तसा.

तिला वाटलं, शेजारी कुणी राहायला आलं. मग आठवलं, शेजारी कुलूप आहे. ती उठली. हॉलच्या दारात आली.

आवाज थांबला.

हॉल रिकामा. पंखा बंद. खिडकी बंद.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन वाजता. ती उठून गेली की आवाज बंद. परत येऊन पडली की सुरू.

खरं सांगायचं तर तिला पहिले चार-पाच दिवस भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. मला फोनवर म्हणाली, "ताई, कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटतंय बघ." मी म्हटलं, रजेवर बसून डोकं फिरलं तुझं, मालिका कमी बघ.

पण सहाव्या दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली.

आवाज सुरू झाला, की पोटातलं बाळ थांबायचं.

थप... थप... आणि पोटात एकदम शांत.

आवाज थांबला, की दहा-पंधरा मिनिटांनी बाळ पुन्हा चुळबुळायला लागायचं. तिने तीन दिवस घड्याळ लावून पाहिलं. तीन दिवस तसंच.

पुढे दहा-पंधरा मिनिटांचा अर्धा तास झाला. मग दोन तास. मग बाळ अंधार पडल्यावर हलायला लागलं.

आणि एका शुक्रवारी ते हललंच नाही.

ती डाव्या कुशीवर झोपली. गार पाणी प्यायली. गूळ खाल्ला. पोटावर हात ठेवून "सोन्या, ऊठ रे" म्हणत बसली. काही नाही... काहीच नाही.

मागच्या वेळी असंच झालं होतं. आधी असंच शांत झालं होतं.

नवनाथ कंपनीतून तसाच युनिफॉर्मवर धावत आला. दवाखान्यात सोनोग्राफी केली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "ठोके उत्तम आहेत. वाढ उत्तम आहे. बाळ झोपलंय." आणि हसून म्हणाल्या, "गाढ झोपलंय."

रिक्षात बसल्यावर तिने नवनाथला सगळं सांगितलं.

बायको असं काही सांगते तेव्हा नवरे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. नवनाथ तसलं काही बोलला नाही. पोटातल्या बाळाचा प्रश्न होता. घरी आला, चित्र भिंतीवरून काढलं, जमिनीवर आडवं ठेवलं आणि बॅटरी घेऊन बसला. कंपनीत पत्रा बघतो तसा, बाजूने उजेड मारून, डोळा जवळजवळ चित्राला टेकवून.

बॅटरीचा उजेड एका जागी येऊन थांबला.

"काय झालं?" वर्षालीने विचारलं.

"इथं रिवर्क झालंय."

एकदा रंगवून झालेला माल खरवडून पुन्हा रंगवला की त्यांच्या कंपनीत त्याला रिवर्क म्हणतात. सरळ बघितलं तर कळत नाही. तिरक्या उजेडात खालची जुनी रेघ उठून दिसते. त्याने बाईच्या मांडीवर बोट ठेवलं.

"सगळीकडं रंग एका हाताचा हाय. इथंच जाड हाय. इथं आधी काहीतरी होतं. मग खरवडलंय, आणि वरून लुगड्याचा रंग मारलाय."

"काय होतं?"

त्याने बोटाने कड दाखवली. एका टोकाला गोल... पुढे लांबट... वीतभरसुद्धा नाही.

तो आकार काय आहे हे सांगायला कुणी चित्रकार लागत नव्हता.

ही बाई पाजत नव्हती. निवडत नव्हती. तिच्या मांडीवरचं लेकरू कुणीतरी काढून घेतलं होतं, आणि ती अजून थोपटत होती.

"उद्याच्या उद्या हे बाहेर," नवनाथ म्हणाला.

इथपर्यंत सगळं बरोबर झालं. चूक पुढे झाली, आणि तीही चांगल्या मनाने झाली.

सकाळी तो चित्र जुन्या चादरीत गुंडाळून निघाला तेव्हा जिन्यात छबूबाई भेटल्या. त्यांनी विचारलं, नवनाथने सांगितलं. वर्षालीही दारात येऊन उभी राहिली. मांडीवरचा तो आकारही दाखवला. छबूबाईंचे डोळे भरून आले. त्यांची एक लेक तान्ही असतानाच गेली होती, पन्नास वर्षं झाली असतील त्याला.

"मी म्हनत व्हते तांदूळ निवडतीया," त्या म्हणाल्या. "हिची तर वटीच रिकामी गं."

मग म्हणाल्या, "आशी न्हाई लावायची वाटंला. सवाष्ण बाई हाय, हातात हिरवा चुडा दिसतोय. घरात महिनाभर ऱ्हायली. रिकाम्या वटीनं धाडाल तर तळतळाट लागंल. वटी भरा आन् मग न्या कुटं न्यायची ती."

वर्षाली म्हणाली, "तुम्हीच भरा मावशी."

"माज्या हातानं न्हाई चालत, बाय. मालक जाऊन धा वर्सं झाली. तू भर."

आणि वर्षालीने भरली.

चित्र पाटावर ठेवलं. बाईच्या कपाळाची नुसती कड दिसत होती, तिथे हळदकुंकू लावलं. खण, नारळ, सुपारी, हळकुंड चौकटीपाशी ठेवलं. ओंजळीत तांदूळ घेतले आणि त्या खरवडलेल्या मांडीवर सोडले. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग वाकून नमस्कार केला. पुरा पाचवा महिना अंगावर असलेल्या बाईने.

नवनाथने सगळं त्याच चादरीत बांधलं आणि कुरुळीच्या भंगारवाल्याकडे देऊन आला.

त्या दुपारी तीन वाजले... साडेतीन वाजले...

आवाज नाही.

चार वाजता बाळाने अशी लाथ मारली की वर्षाली ओरडलीच. मग हसत सुटली. मला फोन केला, छबूबाईंना वर बोलावून त्यांचा हात पोटावर ठेवला, नवनाथला लाइनवरून बाहेर बोलावून फोनवर सांगितलं. त्या दिवशी तिने पुरणपोळी केली. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला.

आठवड्याने तिने ही हकिकत फोनवर आईला सांगितली. माझी मावशी औशाला असते, तिथून.

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"आई? ऐकायलीस का?"

"ओटी कुणी भरली म्हणलीस?"

"मी."

"अगं बाई..." मावशी म्हणाली. "पोटुशी बाई दुसऱ्याची ओटी भरती का कुठं? तिची भरायची असती! भरलेल्या ओटीनं दुसऱ्याच्या ओटीत घातलं म्हणजे काय दिलंस तू, कळायलंय का तुला?"

वर्षालीने फोन ठेवला. मग छबूबाईंना विचारायला खाली गेली. छबूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "व्हय गं... व्हय. माज्या ध्यानातच न्हाई आलं. मला निस्ती तिची रिकामी वटी दिसली."

नवनाथ त्याच संध्याकाळी भंगारवाल्याकडे गेला. चौकट जळणाला गेली होती. कापड कुणीतरी टेम्पोत माल झाकायला नेलं होतं. कोणता टेम्पो, ते त्याला सांगता येईना.

पुढचे तीन-चार महिने काही झालं नाही. एकही आवाज नाही. जुलैत वर्षाली बाळंत झाली. मुलगी, पावणेतीन किलो, ठणठणीत. नाव इंद्रायणी.

दवाखान्यात पोरगी तीन दिवस रडली. नर्स म्हणाल्या, होतं असं. चौथ्या दिवशी घरी आणली. मावशी बाळंतपणाला आलीच होती.

पहिल्याच दुपारी मावशी स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होती. हॉलमध्ये पोरगी रडत होती. थोड्या वेळाने रडणं कमी झालं, मग बंद झालं. मावशी आतूनच म्हणाली, "बघ, जमलं का नाही? चांगली थोपटायलीस की."

थोपटणं चालूच होतं.

मावशी हात पुसत बाहेर आली... आणि त्याच वेळी न्हाणीचं दार उघडून वर्षाली बाहेर आली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

दोघींच्या मध्ये गोधडीवर इंद्रायणी गाढ झोपली होती. जवळ कुणी नव्हतं.

तेव्हापासून हे असंच आहे.

वर्षाली थोपटते तेव्हा पोरगी झोपत नाही. मांडीवर घेऊन, झोळीत घालून, अंगाई म्हणून, कशानेच नाही. किंचाळते, अंग ताठ करते. आई थकून बाजूला झाली, खोलीबाहेर गेली... की मागे तो आवाज सुरू होतो. थप... थप... आणि पोर शांत.

मी म्हटलं, घर सोडा. माझ्याकडे दिघीला या. ऑक्टोबरमध्ये आले तिघं. आणि इथे मी स्वतः साक्षीदार आहे. दोन दिवस, दोन रात्री ती पोरगी क्षणभर झोपली नाही. डोळे लाल, घसा बसलेला, आवाज फुटेना तरी रडतेय. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. जागा बदलली की होतं म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्यानेच गाडी काढली आणि मीही बरोबर गेले, त्यांना चऱ्होलीला सोडायला. उंबरा ओलांडून पोरीला गोधडीवर ठेवलं, आणि आम्ही चौघं गुन्हेगारासारखे गॅलरीत जाऊन उभे राहिलो.

दोन मिनिटांत रडणं थांबलं. आत बघायला आमच्यातलं कुणी गेलं नाही.

पूजा घातली. आळंदीहून एक महाराज आणले. लिंबू झालं, अंगारा झाला. काही फरक नाही. आणि खरं बोलायचं तर पोरीचं वाईट काहीच होत नाही. वजन वाढतंय. हसते. रांगते. गाल असे की कुणीही ओढावेत. तक्रार तरी कुणाकडे आणि काय करायची?

डिसेंबरमध्ये वर्षालीची रजा संपली. कामावर जाणं भाग होतं. मावशी गावी गेलेली. छबूबाई म्हणाल्या, मी वर येऊन बसत जाईन. माझ्या हातनं झालंय, मीच बघीन.

पहिला दिवस. सकाळी सहाची कंपनीची बस. वर्षालीचं अर्धं लक्ष वायरींकडे, अर्धं घड्याळाकडे. दुपारच्या सुट्टीनंतर तिचा जीव राहीना. ओव्हरटाइम लागला होता. तीन वाजता चहाला सोडलं तेव्हा तिने लॉकरमधून फोन काढला आणि छबूबाईंना लावला.

"रडतेय का मावशी?"

"न्हाई. झोपली."

"दूध घेतलं?"

"घेतलं."

"तुम्ही थोपटलं का?"

छबूबाईंनी आवाज बारीक केला.

"मी गॅलरीत हाय बाय. दार लोटून घेतलंय."

आणि फोनमध्ये, छबूबाईंच्या श्वासामागे, लांबून... वर्षालीला ते ऐकू आलं.

तिने फोन ठेवला. चहा प्यायली. लाइनवर परत गेली आणि साडेसहापर्यंत एकही चूक न करता काम केलं. सुपरवायझर म्हणाला, पहिल्याच दिवशी एवढं लक्ष लागलं, कमाल आहे मॅडम तुमची.

हे तिने मला परवा सांगितलं. सांगताना रडली नाही. पोरगी तिच्या मांडीवर होती आणि मांडीवरून खाली उतरायला धडपडत होती, हॉलच्या दिशेने.

"ताई," ती म्हणाली, "मला भीती वाटायला पाहिजे होती ना गं त्या वेळी?"

मी पोरीपुढे हात केले, पण ती माझ्याकडे बघेना.

"मला बरं वाटलं. माझ्या पोरीजवळ कुणीतरी हाय म्हणून मला बरं वाटलं."

एवढं बोलून तिने हात सैल केले, आणि पोरगी उतरून गेली.